विनोबांची भाषाशाळा

माझी आज्जी चिकोडीकडची. लग्न होऊन ती गडहिंग्लजला आली आणि मराठी घरात मराठी बोलू लागली. पण दिवेलागणीला तिच्या तोंडी जी गाणी येत ती कानडी. देवापुढे समई लावून ती भिंतीला टेकून बसे आणि अर्धा तास तरी गुणगुणत राही. तिच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता त्यांतली दोन गाणी मला पाठ झाली. आजही ती मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणू शकतो.

महाविद्यालयात आल्यावर वसतिगृहात संकेश्वरचा एक मित्र भेटला. त्याची मातृभाषा कानडी. मोठ्या ऐटीत मी त्याला त्यांतले एक गाणे म्हणून दाखवले. तो आधी खूष झाला, नंतर हसू लागला. मी एका जागी दोन शब्द जोडून भलताच तिसरा शब्द तयार केला होता आणि गेली पंधरा वर्षे तोच मनोभावे म्हणत आलो होतो. त्याने गाण्याचा अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. गाणे येत होते, भाषा येत नव्हती.

गाण्यातून परकी भाषा लवकर शिकता येते असे आपण नेहमी ऐकतो. बालवाडीतली मुले इंग्रजीची ओळख बडबडगीतांतूनच करून घेतात. मग माझ्या बाबतीत ते का घडले नाही? हा प्रश्न मनात असतानाच विनोबा जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी विनोबांविषयी वाचू लागलो. भूदान आणि ग्रामदान यांची टिपणे काढायला बसलो होतो. हाती लागली एक वेगळीच गोष्ट. या माणसाने डझनाहून अधिक भाषा शिकल्या, आणि त्यांतल्या बहुतेक त्या त्या भाषेत लोक जे गातात त्याच्या आधाराने शिकल्या. स्पर्धेत माझा नंबर आला नाही, कारण सात मिनिटांत मला भूदानापर्यंत पोहोचताच आले नाही. तिथे राहून गेलेले इथे लिहितो आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. वृत्तीने ते शास्त्रज्ञ, शिस्तीचे कडक. पण उतारवयात रीतसर गाणे शिकण्याइतकी संगीताची गोडी त्यांना होती. आई रुक्मिणीबाई यांचे माहेर कर्नाटकातले. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे मिळाले नव्हते, परंतु गळा गोड आणि संतांची पदे शेकड्यांनी मुखोद्गत. घरकाम करताना त्या गात असत. त्या गाण्यांत मराठी अभंग असत आणि माहेरची कानडी पदेही असत. मुलाच्या कानावर दोन भाषा एकाच आवाजात पडत होत्या. दुसरी भाषा म्हणजे परक्याची भाषा, ही समजूत त्या घरात मूळ धरणे कठीणच होते. हे वाचताना मला माझी आज्जी आठवली आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागले.

शाळेत मात्र भाषेची गाठ वेगळ्या रीतीने पडली. वडिलांच्या इच्छेनुसार विनायकाने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. संस्कृत त्यामुळे मागे राहिले आणि ते त्याने पुढे स्वतःच्या बळावर मिळवले. याच बडोद्याच्या दिवसांतली एक गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. आई गीतेवरील प्रवचनास जात असे, पण संस्कृत श्लोक तिला कळत नसत. तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य भाषांतर आणून दिले, तेव्हा तिला पद्य हवे झाले. मग त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणली. तीही तिला अवघड गेली. शेवटी तिने मुलालाच सांगितले की तूच का करीत नाहीस. मुलगा तेव्हा विशीच्या आतबाहेरचा. त्या बाईला गद्य का पुरेना, हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवले. माझ्या मते उत्तर तिच्या दिनक्रमात आहे. चुलीपाशी बसलेल्या बाईला पुस्तक हातात धरता येत नाही. तिला जे हवे ते तोंडात राहणारे हवे, आणि तोंडात राहते ते पद्य.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विनायक सुरतेलाच उतरला आणि काशीची वाट धरता झाला. त्याआधी शाळेची प्रमाणपत्रे त्याने चुलीत घातली होती. काशीहून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. येथून त्याचा विनोबा झाला.

आश्रमातली भाषा गुजराती, मंडळी मात्र साऱ्या हिंदुस्थानची. या सर्वांना दिवसातून दोनदा एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे प्रार्थना, आणि प्रार्थनेचा प्राण म्हणजे भजन. पुढे साबरमतीच्या आश्रमात विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे आले आणि त्यांनी आश्रम भजनावलीचे संकलन केले. तीत गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली अशा निरनिराळ्या भाषांतली पदे शेजारी शेजारी आली. गुजराती मुलाने तुकोबा म्हणावेत आणि मराठी माणसाने नरसी मेहता गावेत, हा तिथला रोजचा व्यवहार झाला. इंग्लंडहून आलेल्या मीराबेन यांना ही भजने गाताना अर्थ लागत नसे. तेव्हा १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी खास त्यांच्यासाठी भजनांचे इंग्रजी भाषांतर केले. गांधीजींसारख्या कामाच्या माणसाने त्यासाठी वेळ काढला, यातच मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. सूर सर्वांना एका ओळीत बसवतो. अर्थ मात्र कोणीतरी बसून सांगावा लागतो.

विनोबा अर्थासाठी किती अडून बसत याची साक्ष त्यांच्या पुढच्या वर्षात आहे. १९१७ मध्ये रजा घेऊन ते वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व शांकरभाष्य शिकले. पाठांतर त्यांचे अफाट होते. संस्कृत व मराठी मिळून हजारो श्लोक आणि अभंग त्यांना येत. पण जे पाठ केले त्याचा शब्द न् शब्द सोडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. तिचे मागणे राहून गेले होते. ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी लेखणीवर आले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरे झाले. त्या पुस्तकाचे नाव गीताई. छापण्यापूर्वी त्यांनी ते वर्ध्याच्या आश्रमातील मुलीला शिकवून पाहिले आणि जिथे तिला अडले तिथे आपली रचना बदलली. संस्कृताचा पंडित आपल्या ओळी लहान मुलीच्या जिभेवर पारखून घेतो, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. गीताईच्या लक्षावधी प्रती घरोघर गेल्या त्याचे कारण इथे सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली, हेही आपणास ठाऊक आहेच.

आता मी मूळ गोष्टीकडे, म्हणजे वेल्लोरच्या तुरुंगाकडे येतो. १९४२ च्या आंदोलनात विनोबांना पकडण्यात आले आणि काही काळानंतर मद्रास इलाख्यातील वेल्लोर येथे ठेवण्यात आले. भोवती तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळम बोलणारे राजबंदी. विनोबांनी चारही भाषा एकदमच शिकायला घेतल्या. चार कशाला, असे विचारणाऱ्यास त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: दक्षिणेत पाचवी नव्हती म्हणून. विनोद बाजूला ठेवला तर यात एक युक्ती होती. चार भाषा शेजारी ठेवल्या की त्यांतले सारखेपण दिसू लागते. एका भाषेत कष्टाने मिळवलेला शब्द दुसरीत थोडा वेष पालटून समोर येतो. संस्कृतातून आलेले शब्द ओळखीचे असतातच, राहिलेल्या शब्दांपुरते श्रम करावे लागतात. लिप्या चार, म्हणून डोळ्यांना त्रास. त्यातूनच सर्व भारतीय भाषा आपल्या लिपीबरोबर नागरीतही लिहिल्या जाव्यात हा त्यांचा आग्रह दृढ झाला. वेल्लोर आणि नंतर शिवनी असे करीत १९४५ मध्ये ते सुटले, तेव्हा दक्षिणेचे दार त्यांच्यापुरते उघडले होते.

त्यांची रीत त्यांच्या पुस्तकांवरून सहज ध्यानात येते. ज्या भाषेत जायचे तिच्या संतकवीचा एक मुख्य ग्रंथ घ्यायचा. तो कोशाच्या आणि जाणत्या माणसाच्या मदतीने शब्दशः लावायचा. निवडक भाग पाठ करायचा. मग त्यांतले सार काढून लोकांपुढे ठेवायचे. तमिळमध्ये माणिक्कवाचकरांचे तिरुवाचकम, पंजाबीत गुरू नानकांचे जपुजी, उडियात जगन्नाथदासांचे भागवत, असमियात माधवदेवांचे नामघोषा. हे सगळे ग्रंथ गायिले जाणारे आहेत हे लक्षात घ्या. बाजारात बोलायला उपयोगी पडणाऱ्या वाक्यांपासून त्यांनी सुरुवात केली नाही. जे त्या प्रांतातल्या अडाणी म्हातारीलाही पाठ असते, तिथून सुरुवात केली. अरबीचेही तसेच. कुराण त्यांनी मुळातून अभ्यासले आणि उच्चारांवर एवढी मेहनत घेतली की गांधीजींच्या सांगण्यावरून मौलाना आझाद यांच्यासमोर त्यांनी ते म्हटले तेव्हा मौलानाही चकित झाले. पठणाच्या ग्रंथात उच्चार चुकला की अर्थ चुकतो. माझ्या कानडी गाण्याला हाच कान मिळाला नव्हता.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, आणि भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे विनोबा चालत होते. त्या चळवळीचा हिशेब इतरांनी मांडला आहे: किती जमीन मिळाली, किती खडकाळ निघाली, किती वाटली गेली. मला इथे त्यांची पावले भाषांच्या नकाशावर पाहायची आहेत. १९५५ साली ते ओरिसात होते. त्या प्रांतात सोळाव्या शतकातल्या जगन्नाथदासांचे भागवत नऊ अक्षरांच्या सोप्या चरणांत आहे. गावोगाव ते वाचण्यासाठी भागवत टुंगी नावाची जागा असे आणि ते वाचता यावे म्हणून माणसे अक्षरे शिकत. आपल्याकडे वारकऱ्यांच्या बाबतीत जे ज्ञानेश्वरी व गाथेने केले, तेच तिथे या ग्रंथाने केले. विनोबांनी उडिया भाषेत प्रवेश केला तो याच वाटेने. १९५६–५७ मध्ये तमिळनाडू आणि केरळ, नंतर कर्नाटक. सायंप्रार्थनेत गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे त्या त्या प्रांताच्या भाषेत म्हटली जात.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. दक्षिणेत विनोबांचे भाषण हिंदीत होई आणि कोणीतरी त्याचे भाषांतर करी. तिरुवाचकम समजणारा माणूस तमिळ सभेपुढे तमिळमध्ये तासभर बोलत नव्हता. माझ्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की मग शिकून उपयोग काय झाला. आक्षेप खरा आहे. भजनांच्या भाषेत विठ्ठल, माया, करुणा हे शब्द भरपूर असतात. तिकीट, दवाखाना, सातबारा हे नसतात. कित्येक शब्द जुने झालेले असतात. दक्षिणेत तमिळ मुले त्यागराजांच्या तेलुगू कृती आणि पुरंदरदासांची कानडी गीते शिकतात, आपल्याकडचे गायक ब्रज भाषेतले ख्याल आयुष्यभर गातात. तेवढ्याने ती भाषा बोलता येते असे नाही. गाण्याने जीभ वळते, कान तयार होतो, शब्द ध्यानात राहतात. वाक्य आपले आपण करायचे तर माणसांत बसून बोलावे लागते, चुकावे लागते. एका प्रांतात काही महिने राहून पुढे जाणाऱ्या यात्रेकरूला तेवढी उसंत नव्हती. त्यांच्या रीतीची ही मर्यादा मानली पाहिजे.

पण मग त्या शिकण्याने काय साधले? याचे उत्तर मला आसामात मिळाले. १९६० साली त्या प्रांतात असमिया आणि बंगाली भाषिकांत दंगली झाल्या, घरे जळाली, माणसे परागंदा झाली. नेहरूंनी विनोबांना तिकडे जाण्याविषयी सुचवले. १९६१ च्या मार्चमध्ये ते आसामात पोहोचले. मे महिन्यात कछारमधील सिलचर येथे बंगालीसाठी चाललेल्या सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि अकरा जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी हा मराठी माणूस सुमारे दीड वर्ष त्या प्रांतात चालत राहिला आणि माधवदेवांच्या नामघोषाचा अभ्यास करीत राहिला. असमिया खेड्यात नामघर असते, तिथे हा ग्रंथ गायिला जातो. त्यातून निवड करून त्यांनी नामघोषा-सार तयार केले. भाषेवरून जिथे डोकी फुटत होती, तिथे बाहेरून आलेल्या माणसाने त्या भाषेतली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट हाती घेतली आणि विद्यार्थ्यासारखी शिकली. दंगली मिटवायला हे पुरेसे नव्हते. परंतु आपली भाषा कोणी आदराने शिकतो आहे हे पाहणाऱ्याच्या मनातली धास्ती कमी होते, एवढे तर आपण आपल्या अनुभवावरूनही सांगू शकतो. माझा मित्र हसला होता खरा, पण त्याआधी तो खूष झाला होता.

१९६५ च्या जानेवारीत हिंदी राजभाषा होण्याच्या निमित्ताने मद्रास राज्यात आगडोंब उसळला. फेब्रुवारीत विनोबांनी उपवास केला. त्यांच्या मागण्या तीन होत्या: हिंसा नको, हिंदी न मानणाऱ्यांवर हिंदीची सक्ती नको, आणि इंग्रजी न मानणाऱ्यांवर इंग्रजीची सक्ती नको. जन्मभर हिंदीचा पुरस्कार केलेला हा माणूस. पण ज्याने तमिळ भजन कष्टाने समजून घेतले, त्याला तमिळ माणसाचे दुखणे ऐकू आले असावे. त्या उपवासाचे मूळ मला वेल्लोरच्या कोठडीत दिसते.

शेवटच्या वर्षांत ते पवनारला राहिले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कडक टीका झाली आणि त्या टीकेतील पुष्कळ भाग मला पटतो. सगळे पटले तरच एखाद्यापासून शिकावे असा नियम केला तर कोणाकडूनच काही शिकता येणार नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न, पाणी व औषध नाकारून त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी संकेश्वरच्या मित्रापुढे वही घेऊन बसलो. आज्जीची दोन गाणी नागरीत लिहून काढली, त्याने शब्द तोडून दिले, मी एकेका शब्दाचा अर्थ शेजारी मांडला. एक गाणे चार संध्याकाळी पुरले. अक्का, अण्णा, तूप हे शब्द दोन्ही घरचे आहेत हे तेव्हा कळले आणि ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा का म्हटले असावे याविषयी आमचा वादही रंगला. आता मी त्याच्याशी रोज दहा मिनिटे कानडीत बोलतो. तो अजून हसतो, पण उत्तर कानडीत देतो.

दुसऱ्या गाण्यात मात्र एक शब्द अडला आहे. मित्राला तो माहीत नाही, त्याच्या आईलाही नाही. तो त्या बाजूच्या एखाद्या गावापुरता असेल, किंवा मी लहानपणी चुकीचा ऐकला असेल. ज्या बाईला तो ठाऊक होता ती आता विचारायला नाही. ती असताना मी नुसता सूर घेतला, अर्थ कधी विचारला नाही. वहीत त्या शब्दापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. येत्या सुटीत चिकोडीला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून पाहणार आहे. ज्यांच्या घरी अशी गाणारी आज्जी अजून आहे, त्यांनी माझ्यासारखी पंधरा वर्षे घालवू नयेत.